पहिलं नाव अक्कांचं

बार्शी तालुक्यातल्या एका गावात तपासणीचं शिबिर लागणार होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होण्याआधीच ओळखता येतो, हे सांगत आशाताई घरोघर फिरल्या. पण यादीत नाव पडेना. "मला काय झालंय? ना दुखणं, ना अंगावरून जाणं," असं एकजण म्हणे. दुसरी हळूच सांगे, "वाईट चालीच्या बायांचा रोग तो. नाव दिलं तर लोक काय म्हणतील?"

शेवटी आशाताई अक्कांच्या ओट्यावर टेकल्या. अक्का माळकरी, पन्नाशीच्या, पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्याही म्हणाल्या, "पोरी, मी सरळ वाटेनं चाललेली बाई. मला कशाला होईल?"

"अक्का, हा रोग चालचलणूक बघत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो, जन्मभर नवरा एकच असला तरी येऊ शकतो. बहुतेकींचा तो आपोआप जातो. एखादीच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो आणि दहा-वीस वर्षं काही न दुखवता आत बिघाड करतो. त्रास सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 31 हजार बायांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल 2009 साली आला. ज्या गावांत एकदाच ही विषाणूची तपासणी केली, तिथं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले."

अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाया नाव जाईल म्हणून जीव धोक्यात घालतात. लिही, पहिलं नाव माझं. माझ्या मागं उभी राहील तिला कोण बोट दाखवतं ते बघते."

शिबिराच्या दिवशी अक्का तिशीतल्या सुनेला घेऊन सगळ्यांत पुढे उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

अक्कांचा निकाल चांगला आला. सुनेच्या नमुन्यात विषाणू सापडला. दवाखान्यात कर्करोगाआधीचा बिघाड दिसला. डॉक्टरांनी तेवढा भाग गोठवून नष्ट केला आणि संध्याकाळी ती घरी आली.

पाणी भरताना कुणी पुटपुटलं, "तिलाच कसं झालं?"

अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कुणालाही होतं. माझी सून वेळेत गेली म्हणून वाचली. तू कधी जातेस?"

तात्पर्य : सद्वर्तन ही रोगावरची ढाल नाही, काही दुखत नसतानाच तपासून घ्यावं. आणि गावात ज्याला मान आहे, त्यानं तो लाजेपायी मागं राहणाऱ्यांच्या कामी आणावा.