उद्याची कुस्ती

पाठ ताठ, अंग सैल ठेवून बसा. तळवे जमिनीला टेकू द्या. एक श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा. प्रत्येक परिच्छेदानंतर हवं तेवढं थांबा.

टोकियोमधला सुमोचा आखाडा मनासमोर आणा. चोपून घट्ट केलेल्या मातीचा ओटा, त्यावर पेंढ्याच्या वळकट्यांनी आखलेलं साडेचार मीटरचं वर्तुळ. कडेला तामावाशी उभा आहे. मंगोलियातून आलेल्या या पैलवानाने जानेवारी २००४ मध्ये पहिली स्पर्धा खेळली. तो मूठभर मीठ उधळतो, वाकतो, मुठी मातीला टेकवतो.

त्याची वर्षं डोळ्यांखालून जाऊ द्या. सुरुवात तळाच्या वर्गात. तिथे पगार नसतो, तालमीतली कामं असतात. पुढे वरचा वर्ग. वर्षाला सहा स्पर्धा, प्रत्येकीत पंधरा दिवस, रोज एक कुस्ती. आठ जिंकल्या तर सहसा क्रमवारीत बढती, आठ हरल्या तर घसरण. पहिलं अजिंक्यपद आलं २०१९ मध्ये, चौतिसाव्या वर्षी. त्याच दिवशी त्याला मुलगा झाला. दुसरं २०२२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने आओबाजो या पैलवानाचा, एकही न चुकवता सलग १,६३० कुस्त्या खेळण्याचा विक्रम मागे टाकला. यातल्या शेकडो कुस्त्या तो हरला आहे.

आता हरण्याच्या क्षणापाशी थांबा. रेटा बसतो, टाच वर्तुळाबाहेर पडते, पैलवान ओट्यावरून खाली जातो. तो उठतो, पुन्हा वर चढतो, आपल्या जागी उभा राहतो. जिंकणाऱ्यासमोर मान लववतो आणि मगच निघतो. हरलेल्यालाही कुस्ती रीतसर संपवावी लागते. ती अशी संपवली की उद्याच्या कुस्तीसाठी मन मोकळं होतं. दीर्घ कारकिर्दीचं मूळ मला याच सवयीत दिसतं.

तुमच्या कामातला एखादा पराभव आठवा. अर्धवट राहिलेला, मनात अजून चालू असलेला. त्याला कारणं देऊ नका, दोषही देऊ नका. मनातल्या मनात पुन्हा वर चढा, आपल्या जागी उभे राहा. समोर जे कोणी असेल, त्याला मान द्या. श्वास सोडा. ती कुस्ती संपली.

ज्या कामात तुम्हाला वर्षानुवर्षं टिकायचं आहे, ते आता मनात आणा. त्यातलं उद्या सकाळी करायचं एकच काम ठरवा, तुमच्या ताकदीत बसेल एवढंच. जिंकू की हरू, हे उद्यावर सोडा. हजर राहणं मात्र आजच ठरवता येतं.