स्पर्धेची तारीख कुणाच्या सोयीची?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातली वर्दळ बदलते. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे एका बाजूने पाटोद्याचा, दुसऱ्या बाजूने नेकनूर-केजचा रस्ता मिळतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड, लेकरंबाळं आणि जनावरांसह याच रस्त्यांनी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती परततात ती पाडव्याच्या आगेमागे. याच महिन्यांत आपला साहित्याचा हंगाम भरात असतो. दिवाळी अंक निघतात, 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा होतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. शाळा-महाविद्यालयांपासून वाचनालयांपर्यंत बहुतेक लेखनस्पर्धा याच तारखांना धरून भरतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे, ते तेव्हा फडावर कोपीत असतात.

छोट्या प्रादेशिक प्रकाशनाने स्पर्धा का घ्यावी, याचं उत्तर मला इथे दिसतं. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाला आपल्या लेखकाचं वर्ष कसं जातं हे ठाऊक असण्याची गरज नसते. बीडच्या प्रकाशकाला ते ठाऊक असलंच पाहिजे, कारण त्याच्यापाशी दुसरं भांडवल नाही.

या भागात लिहिण्याची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. ‘परमरहस्य’ मराठीत लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी मांजरसुंब्याजवळ कपिलधारला आहे, मुकुंदराजांची अंबाजोगाईला. त्याच अंबाजोगाईत 1983 मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. पण संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी उतरतो. नवा लेखक घडायला वर्षानुवर्षं त्याचं लेखन वाचणारं कुणीतरी जवळ लागतं. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि त्याभोवती लेखक-वाचक मेळावे भरवले, म्हणून दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचं ठिकाण मिळालं. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये धुळ्याहून ‘कविता-रती’ सुरू केलं आणि कवितेला जिल्ह्याच्या गावी एक भरवशाचा संपादक लाभला. दोन्ही ठिकाणी साधनं बेताची होती, पण वाचणारी नजर पक्की होती.

स्थानिक स्पर्धेकडून म्हणूनच माझ्या अपेक्षा ठरलेल्या आहेत. लेखन मागवावं ते पाडव्यानंतर, माणसं गावात असताना. प्रवेशशुल्क असू नये. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं चालावं, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने मोबाइलवर बोलून पाठवलेलंही चालावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. ऐकून उतरवून घेणारा कुणी नसता, तर मराठीतलं हे केवढं तरी धन हातचं गेलं असतं.

यावर आक्षेप येतो दर्जाचा. दार एवढं सैल सोडलं तर कचराच जमेल, असं म्हणतात. दार सैलच असावं. कडकपणा संपादनात असावा. पहिल्या तिघांना ढाल आणि बाकीच्यांना छापील प्रमाणपत्र दिल्याने कुणाचंही लेखन सुधारत नाही. आलेल्या प्रत्येक लेखनावर चार ओळींचा अभिप्राय गेला पाहिजे: कुठे जमलं, कुठे पसरट झालं, काय पुन्हा लिहावं. संवादातली बोली पुसून पुस्तकी करू नये. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या कथेने शेतकऱ्याचं दुःख त्याच्याच बोलीत किती नेमकं उतरतं हे दाखवून दिलं आहे. निवडलेलं लेखन लेखकासोबत बसून दोनदा-तीनदा दुरुस्त करावं. स्पर्धेचं खरं फळ निकालपत्रात नसतं, ते या दुरुस्त झालेल्या हस्तलिखितात असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खराच आहे. विक्रेत्याचं कमिशन किमतीचा मोठा वाटा खातं. पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा टपाल खात्याने डिसेंबर 2024 मध्ये बंद केली, तेव्हा पातळ पुस्तक पाठवणंही जड झालं होतं. अशा वेळी स्पर्धकाकडून शुल्क आणि लेखकाकडून छपाईचा खर्च घेण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण पैसे घेतले की नकार देण्याची ताकद जाते, आणि नकार देऊ न शकणारा प्रकाशक संपादक राहत नाही. त्यापेक्षा बक्षिसाची रक्कम आणि समारंभाचा थाट कमी करावा. शंभर-दोनशे प्रती काढून त्या आधी जिल्ह्यातल्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांत पोचवाव्यात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. संपादित हस्तलिखित हाती असलं की लेखकाला तिथे अर्ज करता येतो.

सगळे ‘कोयते’, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, लेखक होतील, असा माझा दावा नाही. पण त्यांच्यातल्या ज्या एखाद्या मुलीला लिहायचं आहे, तिला स्पर्धा संपल्यावर गावी पोचावं लागू नये. पुढच्या स्पर्धेचं पत्रक काढताना आयोजकांनी परीक्षकांची नावं नंतर ठरवावीत. आधी तारीख ठरवावी, आणि ती ठरवताना कारखान्यांचा गळीत हंगाम समोर ठेवावा.