पुडी, चमचा आणि धीर

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. अशा दिवसांत लेकराला हगवण लागली, तर शुश्रूषा घरातच सुरू करावी लागते. मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हाती सोपवलं. परिचारिका झाल्या त्या आया!

तशाच क्षार-साखरेची पुडी आज आशाताईंच्या पिशवीत असते. एक लिटरची असेल, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात अख्खी टाका. अर्धी उद्याला ठेवायची काटकसर इथे नको. चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालू ठेवा, मऊ भात द्या. ‘पोट रिकामं ठेवा’ हा सल्ला मायेचा असेल, पण घातकच. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठा. वाटेतही पुडीचं पाणी पाजत राहा.