गणपतीच्या सुमारास

मुलगी ‘शहाणी झाली’, तिला ‘न्हाण आलं’ असं म्हणताना आपल्या मनात पाळीचा पहिला दिवस असतो. घरातली मोजणी तिथून सुरू होते. शरीराची मात्र साधारण दोन-अडीच वर्षं आधीच सुरू झालेली असते. मुलींमध्ये बहुधा छातीची वाढ आधी होते. आंघोळ घालताना आईच्या हाताला एक दुखरी गाठ लागते आणि ती घाबरून दवाखाना गाठते. मुलग्यांमध्ये सुरुवात वृषणांच्या वाढीने होते, आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. घरच्यांना दिसतं ते मिसरूड, ऐकू येतो तो फुटलेला आवाज.

वैद्यकाने मर्यादा ठरवल्या आहेत. मुलीत 8 वर्षांच्या आत, मुलग्यात 9 च्या आत सुरुवात झाली तर ती अकाली. मुलीची छाती 13 पर्यंत वाढू लागली नाही, किंवा मुलग्याचे वृषण 14 पर्यंत 4 मिलिलिटरचे झाले नाहीत, तर यौवनारंभ लांबला. सगळं निदान असं तारखेवर उभं आहे, आणि केसपेपरवर नेमकी तारीखच नसते. ‘छातीत गाठ’ एवढे दोन शब्द असतात, फार तर पुढे एक कोड.

हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत अकाली यौवनारंभाला ई 30.1 हा क्रमांक आहे. साडेसात वर्षांची एक मुलगी समजा. पहिल्या दिवशी तिच्या कागदावर ई 30.1 पडतो. पुढे रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय झाल्यावर कळतं, की पियुषिका ग्रंथीच वेळेआधी कामाला लागली आहे. मग क्रमांक ई 22.8. नुसती छाती वाढून तिथेच थांबली असेल, तर ई 30.8. अधिवृक्क ग्रंथीमुळे फक्त केस लवकर आले असतील, तर ई 27.0. आईची तक्रार एकच, ‘फार लवकर वयात येतेय हो’, आणि तिचे कप्पे चार. एका कप्प्यातल्या मुलीला दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागू शकतं, दुसऱ्या कप्प्यातलीला दर काही महिन्यांनी उंची मोजली की पुरतं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत तर ई 30.1 आणि ई 22.8 एकाच वेळी लावताच येत नाहीत.

अमेरिकी रुग्णांचे असे कागद वाचून कोड लावण्याचं काम हैदराबाद, चेन्नई, पुण्यातली कितीतरी तरुण मुलं-मुली करतात. त्यांच्या कामातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरने ‘बहुधा’ किंवा ‘संशय’ लिहिलं असेल, तर कोडरने त्या संशयाला निदानाचा कोड द्यायचा नाही. दिसलेल्या लक्षणापाशीच थांबायचं. शंका असेल तर डॉक्टरला विचारायचं, स्वतः तर्क लढवायचा नाही. ‘अनिर्दिष्ट’ म्हणजे ई 30.9 हा कोड आळशीपणाचा समजला जातो, पण पहिल्या भेटीत कित्येकदा तोच प्रामाणिक असतो. घाईने चिकटवलेलं नाव पुढचा डॉक्टर खरं धरून चालतो. लहान मुलीच्या बाबतीत ते फाईलमधून घरात येतं, आणि घरातून शाळेतही पोचतं.

माझं खरं म्हणणं मात्र कोडच्या पलीकडचं आहे. वयात येणं म्हणजे एक वेग आहे, आणि कोड त्यातला फक्त एक क्षण पकडतो. वेग कळायला दोन नोंदी लागतात, तारखांसकट आणि एकाच पद्धतीने घेतलेल्या. जेम्स टॅनर आणि मार्शल या संशोधकांनी 1969 मध्ये मुलींच्या आणि 1970 मध्ये मुलग्यांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यासाठी इंग्लंडमधल्या हार्पेंडनच्या बालगृहातल्या मुलामुलींची छायाचित्रं वर्षानुवर्षं घेतली होती. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत आज लिहिलं जाणारं ‘बी 3’, म्हणजे छातीच्या वाढीचा तिसरा टप्पा, तिथून आलं. पण ते बी 3 नुसतं पाहून ठरवलं की हाताने तपासून? अंगाने भरलेल्या मुलीत चरबीही छातीसारखी दिसते. हा एक शब्द लिहिलेला नसेल, तर सहा महिन्यांनी बी 2 लिहिणाऱ्या डॉक्टरला काय समजावं? वाढ सहसा मागे तर जात नसते. हाडांच्या वयाचंही तसंच. डाव्या हाताचा एक्स-रे कोणत्या पद्धतीने वाचला, हे लिहिलं नाही तर पुढचा आकडा कशाशी ताडायचा?

आई-वडिलांची उंची ‘मध्यम’ लिहून भागत नाही. पट्टी लावून सेंटिमीटरमध्ये लिहावी. ज्या मुलाचा यौवनारंभ लांबला आहे, त्याचे वडील स्वतः उशिरा वाढले का, हेही विचारावं, कारण उशिरा वाढणारी बरीच मुलं बापासारखीच असतात आणि थोडं थांबल्यावर आपोआप वाढतात. त्याच मुलाला ‘तुला वास येतो का रे?’ असंही विचारावं. यौवनारंभ लांबलेला आणि वासाचं ज्ञान नाही, ही जोडी कालमन नावाच्या विकाराची असू शकते. त्याचा कोड ई 23.0, आणि तिथे नुसतं वाट पाहणं म्हणजे मुलाची वर्षं फुकट घालवणं. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. तरी कागदावर तो फार क्वचित सापडतो, याचं मला वाईट वाटतं.

या नोंदी नाजूक आहेत. तपासताना आई खोलीत होती का, मुलीला आधी सांगितलं होतं का, हेही त्यात यायला हवं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्यांच्या डिजिटल माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण कुणी किती पाहावं, याची मर्यादा दवाखान्याने स्वतःच पाळायची असते.

आणि तारीख? आईला ती कॅलेंडरवरची आठवत नाही. ती सांगते, ‘गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा हाताला लागलं. दिवाळीचा फ्रॉक तर छातीला बसलाच नाही.’ डॉक्टरने तिला थांबवू नये. ते वाक्य जसंच्या तसं कागदावर घ्यावं आणि शेजारी कंसात त्या वर्षीच्या चतुर्थीचा महिना लिहावा.