नाच कोणासाठी?



“गुरुजी, आम्ही आता बौद्ध झालो. आमची मुलगी नाचात भाग घेणार नाही,” असे एका पालकांनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या शाळेत येऊन सांगितले. त्यांचा संताप मला कळतो. गावगाड्याने आपल्याच माणसांना नाचविले आणि आपल्यालाच हिणविले. ते ओझे फेकण्यासाठीच आपण धम्मात आलो. पण फेकायचे काय? नाच, की नाचविणाऱ्याची गुलामी?

संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. लोकांना हसवून रिझविणारा नट स्वर्गात जातो काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी दोन वेळा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले की, राग, द्वेष, मोह यांत आधीच अडकलेल्या लोकांचे विकार आणखी वाढविणे हे अकुशल आहे. म्हणजे दोष चाळांत नाही, विकार चेतविण्यात आहे. मग दुःख दाखवून माणसाला जागे करणाऱ्या नाचाला काय म्हणाल?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांकडे पाहा. त्यांच्या ब्लॅक पँथरवरूनच आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतले. पर्ल प्रायमस ही जीवशास्त्राची पदवीधर. वर्णभेदामुळे तिला प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, म्हणून ती नृत्याकडे वळली. गोऱ्यांच्या झुंडी काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारीत. त्या अत्याचारावर तिने १९४३ साली नृत्य केले. बिल टी. जोन्स यांचा सहकारी १९८८ साली एड्सने गेला. त्यांना स्वतःलाही त्याच रोगाची लागण झालेली होती. लोक अशा रोग्यांना टाळीत. जोन्स यांनी मात्र दुर्धर आजाराच्या माणसांना एकत्र बोलाविले आणि त्यांच्या बोलण्यातून, हावभावांतून १९९४ साली नृत्य उभे केले.

आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हेच केले. तमाशाचा साचा ठेवला, त्यातला शृंगार काढला आणि अस्पृश्यता व शिक्षण हे विषय लोकांपुढे मांडले.

आता माझीच चूक सांगतो. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता. नारायणगावच्या राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरण्याचा तो दिवस. त्याच दिवशी टाळेबंदी लागली आणि तमाशाचा हंगाम बुडाला. उचल घेऊन काम करणाऱ्या कलावंतांचे कर्ज मात्र बुडाले नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची आई तेव्हा फडात नाचत असे. आम्ही वस्तीत धान्य वाटले, पण यादीत तिचे घर नव्हते. “ती नाचणारी आहे,” असे कोणी म्हणाले आणि यादी लिहिणारा मी गप्प राहिलो.

तिची लावणी विकार चेतविते, असे तुम्ही म्हणाल. पण तिला दुसरी वाट आपण कधी दाखविली? आणि भुकेल्या घराचे नाव गाळणे हे कुशल कर्म कोणत्या धम्मात बसते? बाहेरचे लोक आपल्याला जसे वगळीत, तसेच मी तिला वगळले.

येत्या १४ एप्रिलला आपल्या मुलींना समतेचे नृत्य शिकविण्यासाठी त्या माउलीला बोलावू या. मानाने आणि मानधन देऊन. त्या पालकांनाही मी हेच सांगणार आहे.

जयभीम!