काटा जागचा हलत नाही

मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या लेखात थर्मिस्टर, रेडिएटर असले शब्द येणार आहेत आणि वाचकांचा माझ्याविषयी उगाच चांगला ग्रह व्हायला नको. बँकेत काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा करता करता माझी स्वतःची जी काही शिल्लक पडली, तिच्यातून मी २०१६ साली एक गाडी घेतली. गाडी तेव्हाच दहा वर्षांची होती. पुढे २०२१ साली आर.टी.ओ.त फेरनोंदणी होऊन तिला आणखी पाच वर्षं मिळाली, त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले होते. माझ्या बढतीला आले नव्हते. अर्थात, बढतीही आली नव्हती.

तर या गाडीत, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक बारकासा काटा आहे. त्याच्या एका टोकाला ‘सी’ आणि दुसऱ्या टोकाला ‘एच’. इंजिन थंड की गरम एवढंच तो सांगतो. लहानपणी आम्ही बोरघाटातून मुंबईला जायचो तेव्हा असल्या काट्याची कुणाला गरजही वाटत नसे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा होण्याच्या आधीचे दिवस ते. रस्त्याच्या कडेला मोटारी बॉनेटचा आ वासून उभ्या असत आणि त्यांचे मालक पाण्याचा डबा घेऊन दीनवाण्या चेहऱ्याने बाजूला उभे. कोण तापलं आहे हे लांबूनही दिसायचं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आमचा काटा ‘एच’कडे निघाला. आधी सावकाश, मग सासरी निघालेल्या माणसासारखा लगबगीने. सौ. म्हणाली, “अहो, तो वर चाललाय.” मी म्हणालो, “घाट आहे. आपणही वरच चाललोय.” पण थांबलो. गाडी निवू दिली, पाणी घातलं आणि परत आल्यावर गॅरेजवाल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून पाच सेकंद पाहिलं (इतक्या वेळात आमच्या बँकेत लॉगिनसुद्धा होत नाही) आणि निदान केलं, “सेन्सर गेलाय. उगाच वर दाखवतो. नवा यायला चार दिवस लागतील. तोपर्यंत वायर काढून ठेवतो, म्हणजे तुम्हाला टेन्शन नको.”

त्यांनी वायर काढली. काटा निमूटपणे ‘सी’वर येऊन पडला. ते चार दिवस पुढे आठ महिने झाले.

आणि खरं सांगू? ते आठ महिने फार सुखाचे गेले. गाडीकडे पाहिलं की वाटायचं, अशी शांत प्रकृती आपल्या घरात दुसऱ्या कुणाची नाही. पंखा मात्र एकसारखा गरगरत असे. आता पंखा ज्याचं ऐकतो तो सेन्सर वेगळा असतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला खबर देतो, डॅशबोर्डावरच्या काट्याशी त्याचं काही नातं नाही. म्हणजे एक कारकून हेड ऑफिसला रोज खरा अहवाल पाठवत होता आणि दुसऱ्याला मी रजेवर घालवलं होतं. हे मला समजत नव्हतं असं नाही. मी फक्त तिकडे पाहत नव्हतो.

बँकेच्या माणसाला याचं नवल वाटू नये. नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक मानायचं, हा आमच्याकडचा सेन्सरच आहे. जुना हप्ता भरायला नवं कर्ज दिलं की काटा खाली येतो. अशी खाती नेहमी दुसऱ्या बँकेत असतात. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने सगळ्यांची बॉनेटं उघडून पाहिली, तेव्हा देशभरच्या बँकांचे काटे एकदम वर गेले. वर्तमानपत्रांनी लिहिलं की बुडीत कर्जं वाढली. कर्जं कधीच बुडाली होती. वायर आता जोडली गेली होती.

असो. मुद्द्याचं पुढेच आहे.

आमच्या शाखेतले दप्तरी मला ‘साहेब’ म्हणतात. शाखेत असं म्हणणारे ते एकटेच, म्हणून मला ते विशेष प्रिय. त्यांना गाडी घ्यायची होती. मुलीला सातवा लागला होता, तिला बाळंतपणासाठी पाटणच्या बाजूला गावी न्यायचं होतं आणि एस.टी.ने नको असं घरच्यांचं मत पडलं. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, टायरला एक लाथ घातली आणि विचारलं, “साहेब, तापत तर नाही ना?”

मी म्हणालो, “काटा बघा ना. जागचा हलत नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. रात्री मात्र झोप येईना. धर्मराजाचं आठवलं. त्यानेही अश्वत्थाम्याच्या बाबतीत असंच एक वाक्य उच्चारलं होतं, शब्दशः खरं. आणि तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझी गाडी मुळातच जमिनीवर चालत असल्यामुळे मला तसा काही इशारा मिळाला नाही. मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. गाडी तापते असं मला कुठे नक्की ठाऊक आहे? मिस्त्री तर म्हणाले, सेन्सरच बिघडलाय. ज्याला ठाऊक नाही तो खोटारडा कसा? मग अडीचच्या सुमाराला असं वाटलं, की ठाऊक नसणं वेगळं आणि ठाऊक होऊ नये म्हणून वायर काढून ठेवणं वेगळं. सौ.ला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तुमची साखर कधी तपासणार आहात?” मी कूस बदलली.

रविवारी सकाळी इंजिन पुरतं गार असताना (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, आत दाबाखालचं पाणी असतं, ते तोंडावर येतं) मी थोडं पाणी काढून सेन्सर पान्याने उघडला. पितळेचा, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो आणि त्याचा स्वभाव मनुष्याच्या उलट: जसजसा तापेल तसतसा त्याचा विरोध कमी होत जातो. वायर तोडली की विद्युतप्रवाह थांबतो आणि काट्याला वाटतं, विरोध प्रचंड आहे, म्हणजे इंजिन थंडगार असणार.

चुलीवरच्या, म्हणजे गॅसवरच्या पातेल्यात मी त्याला दोऱ्याने लोंबकळत ठेवला आणि मुलाचा मल्टिमीटर लावला. (पातेलं चहाचं होतं. त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही.) पाणी तापू लागलं तसा ओहमचा आकडा उतरू लागला. उकळी फुटेपर्यंत तो शिस्तीत खाली येत राहिला. गॅस बंद केला तसा पुन्हा वर चढू लागला. तीनदा करून पाहिलं. सेन्सर ठणठणीत होता.

म्हणजे खंबाटकीवर तो खरंच बोलत होता. आठ महिने मी एका प्रामाणिक साक्षीदाराची जीभ कापून ठेवली होती.

परत बसवताना मी नळाला गुंडाळतात तशी आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली, वायर जोडली, गाडी चालू केली, काटा ‘सी’वरच. दोन मिनिटं मला खरोखर आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. मग मुलगा म्हणाला, “बाबा, एकाच वायरचा सेन्सर आहे. उरलेलं अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. तुम्ही त्याला टेपेत गुंडाळलंत.” टेप काढली. काही वेळाने काटा उठला आणि दारात उभ्या गाडीतही मध्य ओलांडून पुढे गेला.

रेडिएटर निम्मा चोंदला होता. कूलंटच्या ऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं की नळ्यांत क्षार आणि गंज धरतो. बोअरचं पाणी कोण घालत होतं, हे मी दप्तरींना सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांना दोनदा सांगितली: हा सेन्सर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरं बोलतो. पाणी गळून गेलं आणि तो कोरडा पडला, की इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. तेव्हा काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका, गाडी थांबवा.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हे माझ्या सचोटीबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “मग किती कमी करताय, साहेब?”

नव्या रेडिएटरची, थर्मोस्टॅटची आणि मजुरीची रक्कम वजा केली. सेन्सर तोच ठेवावा असं मी म्हणत होतो, पण त्यांनी नवा बसवायला लावला, तोही माझ्या खर्चाने. जुना माझ्या टेबलाच्या खणात आहे. महिन्याभराने ते मुलीला घेऊन निघाले. साडेदहाला, ऐन गर्दीच्या वेळी, काउंटरवर माझा फोन वाजला.

“साहेब, खंबाटकी चढतोय. काटा मध्याच्या जरा वर आहे. पोरगी विचारतेय, थांबायचं का?”

“पाणी बघितलंत?”

“निघताना बघितलं. भरलेलं आहे.”

“मग सावकाश या वर. माथ्यावर थांबा आणि मला सांगा.”

समोरच्या आजोबांना मी पाचशेच्या नोटा तीनदा मोजून दिल्या. तिन्ही वेळा वेगळ्या भरल्या.