विकता न येणारी जमीन

गेल्या रमजानमध्ये कुवेतहून चुलतभावाचा फोन आला. गावाकडची पुळणीलगतची माडांची वाडी विकायचे सगळ्यांचे ठरत आले आहे, आमची सही तेवढी बाकी. वाडी बावीस गुंठ्यांची आणि सात-बारावर नावे एकोणीस. मरहूम आजोबांनंतर वारस वाढत गेले आणि शरियतने ज्याचा त्याचा हिस्सा बिनचूक मोजून दिला. दलालाला हे गणित आमच्यापेक्षा चांगले कळते. तो आधी मुंबईतल्या गरजू वारसाला गाठतो, मग आखातातल्याला. गावात राहणाऱ्याकडे तो सर्वांत शेवटी येतो. तोवर त्याच्यापाशी नाही म्हणण्याजोगे काही उरलेले नसते. फिकहमध्ये शुफ्याचा हक्क आहे, सहहिस्सेदाराने आधी विकत घ्यावे. पण घ्यायला पैसे कुणाकडे आहेत?

विचार करून सांगतो, असे आम्ही म्हणालो. त्यावर भावाने विचारले, "तुम्ही तरी तिथं कधी राहणार आहात?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

विचार करता करता आम्ही जाऊन पोहोचलो ते इंग्लंडात. १८९५ साली तिथे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था निघाली. ऑक्टेव्हिया हिल, वकील रॉबर्ट हंटर आणि पाद्री हार्डविक रॉन्सली हे तिचे संस्थापक. हिलबाई लंडनमधल्या गरिबांची भाड्याची घरे सांभाळायच्या. कोंदट खोलीत राहणाऱ्यालाही मोकळ्या हवेत बसायला हक्काची जागा हवी, हा त्यांचा ध्यास होता. त्याच वर्षी फॅनी टॅल्बट नावाच्या बाईंनी वेल्समधल्या बार्मथ गावावरची, समुद्राकडे पाहणारी साडेचार एकरांची टेकडी ट्रस्टला देऊन टाकली. ही ट्रस्टची पहिली जमीन.

खरी मेख मात्र १९०७ च्या कायद्यात आहे. आपली जमीन कायमची अविक्रेय जाहीर करण्याचा अधिकार या कायद्याने ट्रस्टला दिला. एकदा तसे जाहीर केले की उद्याच्या विश्वस्तांनाही ती विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. सरकारला रस्त्यासाठी ती हवी असेल आणि ट्रस्टने हरकत घेतली, तर प्रश्न पार्लमेंटपुढे जातो. पुढे १९६५ मध्ये ट्रस्टने किनाऱ्यासाठी 'नेपच्यून' मोहीम काढली, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि किनारा तुकड्यातुकड्याने विकत घ्यायला सुरुवात केली. पहिली खरेदी वेल्समधल्याच व्हाइटफर्ड बरोज या वाळूच्या टेकड्यांची. पाचशेवा मैल १९८८ मध्ये डरहॅमच्या कोळसापट्ट्यात मिळाला, तोही अवघ्या एका पौंडाला! खाणींच्या कचऱ्याने काळवंडलेला किनारा होता तो. पुढे ट्रस्टकडचा किनारा सुमारे ७८० मैलांवर गेला.

हे वाचताना सारखे वाटत राहिले की ही गोष्ट आपण घरातच कधीतरी ऐकली आहे. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली. इतकी चांगली मालमत्ता त्यांच्या हाती कधी आली नव्हती. काय करावे, असे त्यांनी रसूलुल्लाहांना विचारले तेव्हा सल्ला मिळाला तो असा, की मूळ राखून ठेवावे आणि उत्पन्न खैरात करावे. ती जमीन विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांतही वाटायची नाही. गोरगरीब, नातलग, गुलाम, मुसाफिर, पाहुणे यांच्यासाठी ती. सांभाळणाऱ्याने त्यातून माफक खावे, साठवू नये. वक्फची मांडणी सांगताना ही हकीकत हमखास दिली जाते. इंग्लंडमधल्या ट्रस्टच्या कल्पनेवरच वक्फची छाप आहे, असे मोनिका गॉडिओसी या विदुषीने १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजचा दाखला देऊन मांडले. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेले नाही, आणि आम्हीही त्यावरून मिशीला पीळ देणार नाही.

मिशीला पीळ देण्यासारखे आमच्याकडे आहे तरी काय? १८९४ मध्ये लंडनच्याच प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता खटल्यात आपल्या कुटुंबासाठी केलेला वक्फ बेकायदा ठरवला. गरिबांचा वाटा त्यात नावापुरता आहे, सगळा वंश संपल्यावर मिळणारा आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे. त्याविरुद्ध मोठी ओरड झाली आणि १९१३ मध्ये जिनांच्या पुढाकाराने वक्फ वैध ठरवणारा कायदा झाला. आमच्या लोकांनी तो विजय मानला. पण न्यायमूर्तींच्या त्या बोचऱ्या शब्दांत तथ्य नव्हते काय? पुष्कळदा आम्ही अल्लाहचे नाव पुढे केले आणि राखले ते घरचेच. आणि जे खरोखर गरिबांच्या नावे होते त्याचे मुतवल्लींनी काय केले, ते या अंकाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. मेलेल्या माणसाने जिवंत माणसांचे हात किती काळ बांधावेत? आमच्याकडे मृत्युपत्रालादेखील एक-तृतीयांशाची मर्यादा आहे, बाकीचे वारसांचे. म्हणजे मालमत्ता फिरती राहावी, हीसुद्धा दीनचीच शिकवण. चुलतभावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत. त्याला 'कायमचे' या शब्दाचे मोठेपण आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय राखलेला किनारा कुणासाठी राखलेला असतो, हेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९७० साली रॉकफेलर घराण्यातल्या पेगीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच ट्रस्ट काढला. तिथे मालक जमीन आपल्याकडे ठेवू शकतो, फक्त तिच्यावर बांधण्याचा हक्क सोडून देतो. बेटे वाचली, हे खरेच. पण बंगल्यातून दिसणारा देखावाही वाचला आणि करही. कोळ्याला जाळे सुकवायला तिथे जागा आहे की नाही, हे आम्हाला त्या कागदात आधी पाहावेसे वाटते.

आणि समुद्र तर कुठलाच दस्तऐवज वाचत नाही. ससेक्समधल्या बर्लिंग गॅपला ट्रस्टच्या हद्दीत खडूच्या कड्यावर घरांची एक ओळ आहे. कडा ढासळत गेला तशी त्यातली घरे एकेक करून पाडावी लागली. ट्रस्टने तिथे भिंत घालायची नाही असे ठरवले. किनारा राखायचा म्हणजे तो मागे सरकतो तेव्हा त्याला सरकूही द्यायचे, अशी त्यामागची भूमिका. वक्फ निकामी झाला तर हनफी फिकहमध्ये अदलाबदलीची वाट आहे, तिला इस्तिब्दाल म्हणतात. जुन्या फकिहांना ही गोष्ट कळली होती, याचे आम्हाला अप्रूप वाटले.

आमच्या वाडीचे रक्षण इतके दिवस सरकारी रेषेने केले. १९९१ च्या अधिसूचनेने खेड्यातल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामांना आवर घातला. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही रेषा ५० मीटरवर आली. एका अधिसूचनेने दिलेले दुसरीने काढून घेतले. दलालाचा पहिला फोन त्यानंतरचाच.

ईदला पुन्हा फोन झाला. एकोणीस नावांपैकी तिघांनी आपला हिस्सा विकायचा नाही, तिथली वाट आणि होड्या ओढायची जागा गावासाठी मोकळी ठेवायची, असे बोलणे निघाले. तिघांचे मिळून साडेतीन गुंठे भरतात. चुलतभाऊ हसला. मग म्हणाला, "साडेतीन गुंठ्यांत काय होणार?" आम्ही त्याला बार्मथच्या टेकडीचे सांगू लागलो, तेवढ्यात कार्ड संपले आणि फोन तुटला. मुखत्यारपत्राचा कोरा कागद अजून कपाटात आहे.